वाचनशिक्षणाची साधने आणि भीमेकाठचे वर्ग

भीमा नदी बऱ्याच अंतरापर्यंत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची सरहद्द होऊन वाहते. तिच्या उत्तरेस, घोड नदीपर्यंत पसरलेल्या शिरूर तालुक्यात, एका अंगाला शिक्रापूर, सणसवाडी आणि रांजणगाव येथील कारखाने, दुसऱ्या अंगाला मांडवगण फराट्याकडील उसाचे मळे आणि मधल्या माळरानावर पावसाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू गावे. दक्षिणेस, दौंड तालुक्यात, यवत-केडगावकडची गुऱ्हाळे, कुरकुंभचे रसायनांचे कारखाने आणि रेल्वेचे मोठे जंक्शन. या मुलखातील जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गाचे हजेरीपत्रक कोणी लक्षपूर्वक वाचले, तर त्या एका कागदावर किती दिशांची माणसे एकत्र आली आहेत हे त्याच्या ध्यानी येईल : गावच्या शेतकऱ्याचे मूल, कारखान्यात कंत्राटी कामास आलेल्या उत्तरेकडील मजुराचे हिंदी अथवा भोजपुरी बोलणारे मूल, वीटभट्टीवरचे मूल, मेंढरांच्या वाड्याबरोबर वर्षातले काही महिने नाहीसे होणारे मूल, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळीबरोबर मराठवाड्यातून येऊन हंगाम सरताच शिक्षण हमी कार्ड घेऊन परत जाणारे मूल. अशा वर्गात वाचन कसे शिकवावे आणि त्या कामी इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या साहित्याचा विनियोग कोणत्या रीतीने करावा, हा प्रस्तुत संकलनाचा विषय आहे.

साधनांची आज वाण नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडाच्या वाटेने त्यावरील पाठ, चित्रफिती आणि स्वाध्याय शिक्षकाच्या हातातील मोबाइलवर उतरू लागले. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात खुली केली. इतकेच नव्हे, तर १९७१ पासून निघत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही वाचकांना इंटरनेटवर उपलब्ध करून दिले, आणि ज्या शाळेत पुस्तकांचे एक कपाटही धड नाही तिच्या दारी अर्धशतकाचे मराठी बालसाहित्य आणून ठेवले. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ उघडले. तेथे मराठीतील चित्रकथा वाचनाच्या चार पातळ्यांप्रमाणे लावलेल्या असून त्या उतरवून घेण्यास, छापण्यास आणि भाषांतरित करण्यासही मोकळीक आहे. पुण्याच्या आयुकातील आपल्या कार्यकाळात अरविंद गुप्ता यांनी उभे केलेले पुस्तकांचे आणि खेळण्यांचे भांडार सर्वश्रुत आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात नीलेश निमकर आणि त्यांचे सहकारी यांनी चालवलेल्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने प्रारंभिक साक्षरतेवरील आपले अनुभव शिक्षकांसाठी खुले केले आहेत. मुलाचे प्रकट वाचन ऐकून त्यास साहाय्य करणारे गूगलचे ‘रीड अलाँग’, जे २०१९ साली ‘बोलो’ या नावाने प्रथम आले, तेही मराठीत आहे.

आणि तरीही मुले वाचत नाहीत. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते, महामारीनंतर २०२२ मध्ये ते १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा शिक्षकांच्या श्रमाची आहे, तिचे श्रेय त्यांना निःशंकपणे दिले पाहिजे; परंतु चारांपैकी तीन मुले अद्याप मागे आहेत, ही वस्तुस्थिती त्या श्रेयाने झाकली जात नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने प्रत्येक मुलास तिसरीअखेर समजून वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली आहे. मुदत घालणे शासनाचे काम आहे. ती कोणत्या मार्गाने पाळावयाची हा प्रश्न शेवटी वर्गाच्या चार भिंतींत, चाळीस मिनिटांच्या तासिकेत, एका शिक्षकाने सोडवावयाचा असतो, आणि द्विशिक्षकी शाळेत तर तो दोन-तीन इयत्ता समोर बसवून सोडवावयाचा असतो.

या शिक्षकास हाताशी आलेल्या शेकडो साधनांतून निवड कशी करावी हे सांगणारे फारसे कोणी नाही. व्हॉट्सअॅपवरील गटांतून सकाळ-संध्याकाळ लिंका येतात. त्यांत माहिती भरावयाच्या लिंका, प्रशिक्षणाच्या लिंका आणि मुलांसाठी पाठवलेल्या गोष्टींच्या लिंका एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की उत्तम साहित्यही त्या गर्दीत हरवते. यास्तव या संकलनाची मांडणी संकेतस्थळांच्या नावांनुसार न करता मुलाच्या गरजेनुसार केलेली आहे, आणि त्या मांडणीमागे जे एक निश्चित मत आहे ते येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. अक्षर ओळखण्याच्या आणि शब्द फोडण्याच्या रीती लिपीशी जखडलेल्या असतात, सबब त्या घरच्याच असल्या पाहिजेत. अर्थ लावण्याच्या रीती मनुष्यमात्राच्या विचारशक्तीवर उभ्या असल्यामुळे त्या जगात कोठूनही घेण्यास हरकत नाही. हा भेद न केल्यामुळे पुष्कळ उत्साही शिक्षकांचे परिश्रम वाया जाताना दिसतात.

प्रथम अक्षरांचा विचार करू. इंग्रजी शिकणाऱ्या मुलासमोर अक्षरे सव्वीसच असतात, परंतु एकेका अक्षराचे उच्चार इतके निरनिराळे आणि एकेका उच्चाराची लेखने इतकी विविध, की त्यांचा मेळ बसवण्यासाठी त्या भाषेच्या शिक्षकांना फोनिक्स नावाची एक स्वतंत्र पद्धतीच रचावी लागली. आणि त्या पद्धतीचे खेळ, गाणी व तक्ते आज इंटरनेटवर अमाप मिळतात. मराठी मुलाची अडचण याच्या नेमकी उलट आहे. आपल्या लिपीत चिन्ह आणि उच्चार यांचा संबंध बहुतांशी सरळ आहे, पण चिन्हे पुष्कळ आहेत : व्यंजने आणि त्यांची बाराखडी एवढाच हिशेब केला तरी चारशेहून अधिक आकृती होतात, आणि जोडाक्षरे त्याखेरीज. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास केला, त्यातून हेच दिसून आले की अशा लिपीतील अक्षरज्ञान पहिलीत पुरे होत नाही, ते तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. शिक्षकाने याची खंत करण्याचे कारण नाही. लिपीचा स्वभावच तसा आहे, आणि त्या स्वभावास अनुसरून क्रम लावला पाहिजे.

दौंडच्या स्थानकावरील फलकाकडे पाहावे. एका ‘द’वर काना, दोन मात्रा आणि अनुस्वार असे सर्व काही एकदम चढलेले आहे. शिरूर हे नाव घ्यावे, तर पहिल्याच अक्षराची वेलांटी डोळ्यांना ‘श’च्या आधी दिसते आणि जिभेवर ‘श’च्या नंतर येते, शिवाय इतर अक्षरांच्या पायाशी बसणारा उकार ‘र’च्या बाबतीत त्याच्या कुशीत शिरतो. जे मूल आपल्या तालुक्याचे नाव एसटीच्या पाटीवर रोज पाहते, त्याला ते वाचता यावयाचे, तर अ-आ-इ-ई पासून क्ष-ज्ञ पर्यंतची सर्व मुळाक्षरे, नंतर काना, नंतर वेलांटी अशा परंपरागत क्रमाने जाताना वर्षाचा बराच भाग निघून जातो, आणि तेवढ्या काळात त्या मुलाने स्वतः एकही वाक्य वाचलेले नसते. ऊसतोडणीच्या टोळीतले मूल तर काना येण्यापूर्वीच आपल्या गावी परतलेले असते.

आता याच्या जागी म, क आणि ल ही तीन व्यंजने आणि काना एवढेच चार दिवस घेऊन पाहावे. एवढ्या सामग्रीतून मामा, काका, लाल, काम, माल, कला, मला, मका, कमल, कमाल हे शब्द होतात, आणि ‘काका, मला मका’ हे पहिलीतल्या मुलाच्या तोंडी सहज शोभणारे सबंध वाक्य होते. शाळेत येऊन आठवडाही न झालेले मूल ते वाक्य बोट ठेवून वाचते तेव्हा वाचणे म्हणजे काय हे त्याला उमगते, आणि त्यापुढचे सर्व शिक्षण त्या उमगण्यावर उभे राहते. अक्षरांचे असे गट करून, स्वरचिन्हांची ओळख आरंभापासून त्यांतच गुंफून शिकवण्याचा मार्ग दौंडपासून फार दूर नसलेल्या फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी निष्ठेने घडवला. अमेरिकेत जन्मलेल्या, भाषाशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या या विदुषीने १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. कमला निंबकर बालभवन ही त्या संस्थेची शाळा. मराठीच्या संरचनेवर ज्यांनी ग्रंथ लिहिले त्याच बाईंनी दलित व गरीब वस्त्यांतील मुलांना वाचावयास शिकवण्याचे काम हाती घेतले, ही घटना महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी ती नोंदली गेलेली नाही.

अक्षरओळखीच्या ज्या चित्रफिती इंटरनेटवर सर्वाधिक पाहिल्या जातात, त्यांचे परीक्षण या दृष्टीने केल्यास निराशाच पदरी येते. सबंध वर्णमाला एका दमात, ठेक्यावर, भडक चित्रांसह पडद्यावरून धावते. मुले ती तोंडपाठ करतात, नाचतातही, परंतु त्यांतील एखादे अक्षर निराळे काढून पुढे ठेवले की थबकतात. काही फितींत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ही सारखी दिसणारी अक्षरे लागोपाठ येतात. काहींत युनिकोड नसलेल्या टंकामुळे जोडाक्षरे तुटलेली असतात. काहींचे भाषांतर यंत्राने केलेले असते आणि त्यातील मराठी कोणत्याही घरात बोलली जात नाही. असे साहित्य या संकलनातून सरसकट वगळले आहे. इंग्रजी फोनिक्सच्या साच्यात ओतलेले मराठी साहित्यही, दिसावयास कितीही देखणे असले तरी, घेतलेले नाही.

अर्थाच्या बाजूस मात्र दारे मोकळी ठेवावीत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांची ४,४६९ मिनिटे नोंदली. त्यांपैकी मजकूर समजून कसा घ्यावा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटे अगदी मोजकी होती. बाकीचा काळ प्रश्न विचारण्यात, उत्तरे तपासण्यात आणि स्वाध्याय भरून घेण्यात गेला होता. म्हणजे समृद्ध देशातील शाळाही आकलनाची परीक्षा घेत होत्या, आकलन शिकवत नव्हत्या. या जाणिवेतून तेथे पुढे जे प्रयोग झाले, त्यांत पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली परस्परशिक्षणाची रीत विशेष महत्त्वाची आहे : लहान गटाने मजकुराचा एक तुकडा वाचावा, पुढे काय येईल याचे भाकीत करावे, न कळलेले उलगडून घ्यावे, एकमेकांना प्रश्न विचारावेत आणि शेवटी सार सांगावे, हे सर्व आधी शिक्षकाने करून दाखवावे आणि मग हळूहळू मुलांच्या हाती सोपवावे. या रीतीस वीज लागत नाही, पडदा लागत नाही, इंग्रजीही लागत नाही.

आपल्याकडे २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा या भागांत, कन्नड व मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांतील मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास केला, आणि त्याचा अहवाल इंटरनेटवर कोणासही वाचावयास खुला आहे. आधी अक्षरे पक्की होऊ द्यावीत, अर्थाचे मागाहून पाहू, ही जी समजूत आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिचे दुष्परिणाम त्या अभ्यासात स्पष्ट दिसतात. अक्षरे पक्की होण्यास तिसरी उजाडणार असेल, तर तोपर्यंत अर्थाला रजा देणे म्हणजे मुलाला शाळेविषयी उदासीन करणे होय. दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून, परंतु निरनिराळ्या तासांना आणि निरनिराळ्या साहित्याने केली पाहिजेत : अक्षरगटांचा तास वेगळा, गोष्टीचा तास वेगळा, लिहिण्याचा तास वेगळा.

गोष्टीचा तास कसा घ्यावा याचा एक नमुना जवळून पाहणे उपयोगी पडेल. आठवडे बाजाराच्या दिवशी एक शेळी दावे तोडून पळते, अशी एखादी चित्रकथा शिक्षकाने निवडली आहे असे समजू. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीच्या पडद्यावर त्याने केवळ मुखपृष्ठ दाखवावे आणि मुलांना बोलू द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर शेळी एसटी स्थानकात शिरली की थांबावे आणि विचारावे, “आता ती कुठं जाईल?” उत्तरे येतील, कोणी म्हणेल घरी, कोणी म्हणेल शेतात. या ठिकाणी बहुतेक शिक्षक पुढचे पान उघडतात आणि कोणाचे उत्तर बरोबर आले ते सांगतात. तसे न करता त्याने आणखी एकच शब्द विचारावा : “कशावरून?” मग एखादी मुलगी उठून चित्रातल्या शेळीच्या तोंडाकडे बोट दाखवते आणि म्हणते, “ती भाजीवालीच्या पाटीकडं बघतीय.” मजकुरातला पुरावा शोधण्याचा हा पहिला धडा होय, आणि तो अजून एकही अक्षर न येणाऱ्या मुलीने दिलेला आहे. गोष्ट संपल्यावर मुलांनी सांगितलेले एक वाक्य, समजा ‘शेळी यष्टीत बसली’, फळ्यावर त्यांच्याच बोलीत लिहावे, बोट फिरवीत सर्वांनी वाचावे, आणि दुसऱ्या दिवशी त्या वाक्याच्या शब्दपट्ट्या करून मुलांकडून पुन्हा जुळवून घ्याव्यात. तीच गोष्ट आवाज दिलेल्या चलचित्राच्या रूपाने लावून दिली असती, तर पाच मिनिटांत ती धावत संपली असती आणि ‘कशावरून’ विचारण्यास जागाच उरली नसती. म्हणून या संकलनात चलचित्रांपेक्षा स्थिर पानांच्या पुस्तकांना अग्रस्थान दिले आहे.

मुलांच्या बोलीविषयी दोन शब्द येथेच लिहितो. या भागातील पुष्कळ मुले ‘पाणी’ लिहिलेले असता ‘पानी’ वाचतात. त्यांना शब्द ओळखता आला आहे, अर्थ कळला आहे आणि तो त्यांनी आपल्या घरच्या उच्चारात सांगितला आहे. ही वाचनातील चूक नव्हे. प्रमाण उच्चार त्यांना पुढे शिकवता येईल, पण वाचनाच्या पहिल्या पायऱ्यांवर प्रत्येक ‘न’ला अडवणारा शिक्षक मुलाचे तोंड बंद करतो. मुलाचे वाचन ऐकणारी यंत्रे वापरताना तर हे भान अधिकच ठेवले पाहिजे. यंत्र सरावासाठी जवळ असावे; मुलाला वाचता येते की नाही याचा निवाडा मात्र शिक्षकाने समोर बसून, स्वतःच्या कानांनी ऐकून करावा.

निरनिराळ्या भाषांची मुले एकत्र आणून त्यांना वाचावयास शिकवण्याचा प्रसंग या मुलखावर आज प्रथमच आलेला नाही. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे मुक्ती मिशन उभारले, तेथे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली व स्त्रिया शेकड्यांनी आल्या. कोणाची भाषा हिंदी, कोणाची गुजराती, कोणाची मराठी. अमेरिकेतील वास्तव्यात रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतलेले होते, आणि ज्या संस्कृताने त्यांना पंडिता ही पदवी मिळवून दिली त्या भाषेवरील प्रभुत्व त्यांना होतेच. तथापि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आपली सारी विद्वत्ता साध्या मराठीच्या सेवेस लावली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा जो अनुवाद केला, तो सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला कळावा असा त्यांचा कटाक्ष होता. त्या ग्रंथाचे खिळे केडगावातच जुळवले गेले, आणि ते जुळवणारे हात आश्रमातल्या स्त्रियांचे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या धर्मविषयक बाजूबद्दल कोणाचे काय मत असेल ते असो. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांनी वाचावयास शिकून स्वतःच ग्रंथ छापावा, ही वाचनशिक्षणाच्या दृष्टीने असामान्य घटना आहे आणि ती या तालुक्यात घडली आहे. दौंडच्या शिक्षकांनी ती आपल्या वर्गात जरूर सांगावी.

भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. दुष्काळी गाव मुद्दाम निवडून, शाळा सोडलेल्या मुलांच्या हाती अवजारे देऊन, काम करता करता शिकवण्याचा तो प्रयोग होता. आणि पुढे २००२ च्या सुमारास जगातील अगदी आरंभीच्या फॅब लॅबपैकी एक अमेरिकेच्या एमआयटीच्या साहाय्याने याच खेड्यात उभी राहिली. अलीकडच्या काळात याच तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने लोकसहभागाच्या बळावर सर्वदूर नाव मिळवले. केडगावचा छापखाना आणि पाबळची कर्मशाळा ही स्थळे भीमेच्या दोन बाजूंस, दोन तालुक्यांत असली, काळाचे अंतर मोठे असले, तरी दोहोंत एक समान सूत्र आहे : परक्या ठिकाणी निर्माण झालेले यंत्र खेड्यात आणले गेले आणि त्यावर काय घडवावयाचे ते खेड्यातल्या माणसांनी ठरवले.

इंटरनेटवरील वाचनसाहित्याच्या बाबतीत हीच गोष्ट आता शिक्षकाच्या हाती आली आहे. मुक्त परवान्यावर प्रसिद्ध झालेल्या चित्रकथेचे चित्र तेच ठेवून, मूळ कर्त्यांचा नामनिर्देश करून, त्याखालचा मजकूर आपल्या वर्गासाठी नव्याने लिहिण्यास पूर्ण मुभा असते. पुणे-मुंबईत लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींत गुऱ्हाळावरची काहील, फडातली कोपी, कुरकुंभच्या घाटातला ट्रकांचा खोळंबा किंवा भीमेच्या पात्रातली होडी क्वचितच येते. ज्या मुलाचे वडील पहाटे तीन वाजता कोयता घेऊन फडात जातात, त्याने सांगितलेली आणि शिक्षकाने लिहून घेतलेली पाच वाक्ये त्या वर्गाला विकतच्या पुस्तकाइतकीच, कित्येकदा अधिक, उपयोगी पडतात. कारण त्यांतील एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. भोजपुरी बोलणाऱ्या मुलाने आपल्या गावची हकीकत हिंदीमिश्रित मराठीत सांगितली, तर तीही तशीच उतरवून घ्यावी. लिपी एकच असल्याने या कामात फारशी अडचण येत नाही. परवाना नसलेल्या पुस्तकांची छायाचित्रे काढून ती गटांवर पाठवण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मात्र सोडली पाहिजे. लेखकाचा आणि चित्रकाराचा हक्क हा शिक्षकाच्याच व्यवसायबंधूंचा हक्क आहे, आणि मुक्त साहित्य एवढे मिळत असता त्याची गरजही राहिलेली नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. कित्येक वाड्यावस्त्यांवर रेंज बेभरवशाची आहे आणि मुलांच्या घरचा एकमेव मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. म्हणून येथे सुचवलेले साहित्य घरी वा तालुक्याच्या गावी उतरवून, पेनड्राइव्हवर घेऊन वर्गात दाखवता येईल असेच पाहिले आहे. मुलांच्या घरी इंटरनेट आहे असे गृहीत धरणारे काहीही यात घेतलेले नाही. टीव्ही बंद पडला तर तीच कथा कागदावर छापून, चार-चार मुलांच्या गटाला एक प्रत देऊन वाचता येते. छपाईचा खर्च शाळेच्या अनुदानातून किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने लोकवर्गणीतून भागवावा. शिक्षकाने पदरमोड करावी अशी शिफारस मी करणार नाही. पुष्कळजण ती आधीच करीत आहेत.

प्रकरणांची रचना या प्रस्तावनेतील विवेचनास धरून आहे. पहिल्या भागात अक्षरगट आणि त्यांवर आधारलेले वाचनपाठ, दुसऱ्यात प्रकट वाचनासाठी निवडलेल्या कथा आणि प्रत्येक कथेत कोठे थांबून काय विचारावे याच्या सूचना, तिसऱ्यात लेखन, आणि चौथ्यात हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी तीन-चार महिन्यांत पुरी होणारी योजना. ऊसतोडणीची मुले ज्यांच्या वर्गात येतात त्या शिक्षकांनी चौथ्या भागापासून आरंभ करावा, कारण त्यांच्याजवळ वेळ कमी आहे. इतरांनी सर्व काही एकदम करू पाहू नये. पहिल्या महिन्यात दररोज एक गोष्ट प्रकट वाचून दाखवावी, तीत दोन ठिकाणी थांबावे, आणि मुलांचे एक वाक्य फळ्यावर लिहावे, एवढे नियमाने झाले तरी पुरे. जे शिक्षक आपल्या मुलांच्या तोंडून आलेले मजकूर लिहून ठेवतील, त्यांनी ते आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत अवश्य आणावेत आणि शेजारच्या शाळांना द्यावेत. या संकलनाच्या पुढील आवृत्तीत निम्मी पाने शिरूर आणि दौंडच्या मुलांनी सांगितलेल्या मजकुराची असावीत, अशी संपादकांची इच्छा आहे, आणि ती पुरी करणे वाचणाऱ्या शिक्षकांच्या हाती आहे.